चोवीस फळ्यांचा पत्ता

१

"या शाळेतून आता माह्या नजरेआडून टाचनी हालनार नाई!" असं महादेवरावांनी बुधवारी संध्याकाळी फीत कापून, कात्री हातात तशीच धरून जाहीर केलं.

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेच्या मागच्या अंगणातून चोवीस सागवानी फळ्या गायब होत्या. एकेक फळी नऊ फूट लांब, वीतभर रुंद, बोटभर जाड.

टाचण्या मात्र जागेवर होत्या. मी डबी उघडून पाहिली.

मी मोतीराम, त्या शाळेचा कारकून. शाळा मूकबधिर मुलांची, अमरावतीतली, महादेवरावांच्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला चिकटून. सोळा पोरं, एक वर्ग, एक बाई आणि अध्यक्ष महादेवराव. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनाचं इंजीन असं धडधडायचं की आम्ही ऐकू येणारी माणसंसुद्धा एकमेकांशी हातवारे करूनच बोलायचो. पोरं आमचे हातवारे बघून पोट धरून हसायची. फारच अडाणी असावेत.

साल एकसष्ट. त्या वर्षी खात्याचं परिपत्रक आलं की अशा शाळांतली सुरक्षितता आणि देखरेख वाढवा. वर्गाची खोली मूळची कापसाचे नमुने ठेवायची, म्हणून तिची जमीन लाकडी होती. परिपत्रक आलं त्याच आठवड्यात त्या जमिनीच्या फटीतून एक विंचू वर आला आणि चावला. पोरांना नाही. महादेवरावांचे मेहुणे खुशालराव सहज डोकवायला आले होते, त्यांना.

झालं. लाकडी जमीन उखडून तिथं शहाबादी फरशी बसवायचं ठरलं. आग लागली तर पोरांना उडी मारता यावी म्हणून मागच्या खिडकीचे गज काढायचं ठरलं. आणि वर्गाच्या दाराला काचेचा झरोका पाडून तिथं कायम एक माणूस बसवायचं ठरलं.

बैठकीत वर्गाच्या बाई, इंदूबाई, एकदाच बोलल्या. "फळ्या काढल्या तर मी पोरायले हाक कशी मारू?"

महादेवराव म्हणाले, "बाई, ऐकू न येनाऱ्या पोट्ट्यायले हाक?" यावर समिती इतकी हसली की मला इतिवृत्तात 'हशा' असं दोनदा लिहावं लागलं.

इंदूबाई हाक मारायच्या ती टाचेनं. पोरं खाली मान घालून लिहीत असली की बाई फळीवर टाच आपटायच्या, आणि सतरंजीवर बसलेल्या सोळाच्या सोळा माना एकदम वर व्हायच्या. फरशी बसली आणि टाच मुकी झाली. मग बाईंना दर वाक्याला सोळा खांदे शिवत वर्गभर पळावं लागायचं. पंधरा दिवसांत गुडघे सुजून नारळाएवढे झाले. गुरुवार ते शनिवार रजा घेऊन त्या अकोल्याला डॉक्टरला दाखवायला गेल्या, आणि तीन दिवस वर्ग सांभाळायला खुशालराव आले.

उखडलेल्या फळ्या वर्गाच्या मागच्या खिडकीखाली रचून ठेवल्या होत्या. त्यांचा एक खास उपयोग ठरला होता. सोमवारी चार वाजता खात्याचे साहेब सुधारणा बघायला येणार होते. त्यांच्या हस्ते महादेवरावांचा सत्कार व्हायचा होता, आणि सत्काराचं स्टेज त्या फळ्यांचं व्हायचं होतं.

शनिवारी नत्थुजी सुतार स्टेज ठोकायला आला आणि रिकाम्या जागेसमोर हातोडी घेऊन उभा राहिला.

"मोतीरामजी," तो म्हणाला, "खिळे आहेत. ज्यात ठोकाचे ते नाई."

२

महादेवरावांनी चोर पाच मिनिटांत पकडला. अंगणाची राखण करायचा तो देवमन, तेव्हा चोर देवमन.

देवमन शाळेचा शिपाई. पन्नाशीचा, उंच, सावकाश बोलणारा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि त्याच हिवाळ्यात विहारातल्या प्रौढ वर्गात जाऊन अक्षर शिकला. त्याच्या घराण्यात सही करणारा तो पहिला. पगाराच्या दिवशी सही करायला त्याला इतका वेळ लागायचा की माझ्या दौतीची शाई वाळायची, पण मी कधी घाई केली नाही.

महादेवरावांनी कबुलीचा कागद स्वतः लिहिला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. "लाव अंगठा."

"अंगठा नाई लावत जी," देवमन म्हणाला. "म्या सही शिकलो."

"मंग सही कर!"

"सही माही हाये जी. चोरी माही नाई. कशी करू?"

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. "सोमवारी चार वाजेलोक फळ्या आल्या नाई, तर साहेबासमोर तुले पोलिसाच्या हाती देतो. नोकरी गेली समज. अन् पुढं कोन्या दफ्तरात तुले उभं करते का पाह्य!"

देवमननं पॅडचं झाकण लावलं, नीट, शाई वाळू नये म्हणून, आणि परत माझ्याकडं दिला.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी महादेवरावांना म्हणालो, "मालक, पोलिसांच्या आधी अकोल्याच्या चंद्रभानला बोलवा. मागं तुमच्या सरकीचा डबा हरवला होता, तो त्यानंच शोधला."

चंद्रभान हा अकोल्याच्या मालधक्क्यावरचा कारकून. रेल्वेत हरवलेला माल शोधायचं त्याचं काम. त्या सरकीच्या डब्यासाठी तो मनमाडपर्यंत गेला होता, आणि डबा सापडला मूर्तिजापूरला, ज्या रुळावर तो उभा करून रेल्वेचीच माणसं विसरली होती तिथं. महादेवराव तयार झाले, कारण फुकट येणार होता.

रविवारी दुपारी तो आला. बुटका, छत्री बगलेत, खिसा संत्र्यांनी फुगलेला. आल्या आल्या म्हणाला, "चोर कोन हे मले सांगू नोका. त्यानं माह्या डोक्यात गर्दी होते. माल केवढा, ते सांगा."

मी सांगितलं. त्यानं नत्थुजीकडं पाहिलं. "भाऊ, एक फळी उचलाले किती मानसं?"

"एक पुरते. भिताडावरून न्याची म्हनान तं दोन. अन् चोवीस न्याच्या म्हनान तं बैलगाडी."

चंद्रभान मागच्या अंगणात जाऊन कमरेत वाकला. काळी माती, दवानं मऊ. चाकोरी नव्हती. बैलाचा खूर नव्हता. भिंतीवर पांढऱ्या चुन्याचा थर होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

तो उठला, संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"मोतीरामजी," तो म्हणाला, "तुमचा माल आवाराच्या बाहेर गेलाच नाई."

३

आवार केवढं? एक वर्ग, एक कार्यालय, पोरांची राहायची खोली, स्वयंपाकघर, विहीर. आम्ही विहिरीत वाकून पाहिलं. पोरांच्या गाद्या उलटल्या. स्वयंपाकघरात माणिकबाईनं "माह्या चुलीत सागवान जाळाचं नशीब कुठून आलं" म्हणून आम्हाला झारा दाखवला. वर्गाला कुलूप होतं आणि सुरक्षिततेसाठी किल्ली महादेवरावांच्या घरच्या तिजोरीत होती. झरोक्याला नाक लावून पाहिलं तर सतरंजी, खुर्ची, फळा. लपवायला कोपरा नव्हता.

मग चंद्रभान खुशालरावांकडं वळला. ते ओसरीत पाय लांब करून बसले होते, उजव्या घोट्याला हळद.

"तीन दिवस वर्गात तुमीच होता ना जी?"

"होतो म्हंजे! डोळ्यात तेल घालून होतो!"

"झोपले नाई?"

"मी? दिवसा?" खुशालराव दुखावले. "डोळे मिटून विचार करत होतो. जिनाचा आवाज असा एकसारखा येते ना, का विचाराले लय बरं."

"मंग विचारात काई दिसलं?"

खुशालराव जरा पुढं झुकले. "आता तुमाले सांगतो. शनिवारी सकाळी सपन, म्हंजे विचार आला, का मी पालखीत बसलो. लोकायनं मले अलगद उचललं, अन् अलगद ठेवलं. लय मोठा मान! मी समजलो, सोमवारच्या सत्कारात माहंही नाव हाये."

"अन् घोट्याले काय झालं?"

"अरे ते! शाळा सुटली, वर्गातून निघालो, अन् दारातच पायरी चुकलो. धाडकन ओसरीवर. पायरी नसताना चुकलो म्हना. त्या फरशीचा दोष."

ओसरीच्या टोकाला पोरं पाट्यांवर चित्रं काढत होती, तिकडं चंद्रभान बघत राहिला. पंचफुला, चौदा वर्षांची, सगळ्यात मोठी, हातात पाटी घेऊन बैल काढत होती. पाटीला लाकडी चौकट नव्हती. नुसता दगड, आणि हात कापू नये म्हणून कडेला चिंधी गुंडाळलेली. शेजारच्या पोराच्या पाटीलाही चौकट नव्हती. कोणाच्याच नव्हती.

"मोतीरामजी, पाट्या अशाच येतात काय तुमच्याइथं?"

मी कपाट उघडलं. एका व्यापाऱ्यानं दिवाळीला सहा डझन नव्या पाट्या दान दिल्या होत्या. त्यातल्या सोळा पोरांच्या हातात होत्या, उरलेल्या छप्पन तिथं रचलेल्या होत्या, आणि एकीलाही चौकट नव्हती.

"पोट्टे मस्तीखोर," खुशालराव म्हणाले.

चंद्रभाननं तोंडातल्या तोंडात काहीतरी भागाकार केला आणि इतका मोठ्यानं हसला की खुशालरावांनी पाय आखडून घेतला.

"देवमनले बोलवा," तो म्हणाला. "तो खरं बोलला तर वाचला. खोटं बोलला तर मलेही त्याले वाचवता येनार नाई."

४

देवमन आला आणि उभाच राहिला. चंद्रभान त्याला बस म्हणाला, तरी उभाच.

"देवमनजी, गुरुवारपासून काम काय होतं तुमचं?"

"झरोक्यातून पाहाचं जी. दर अर्ध्या घंट्यानं पाहाचं, अन् काय पाह्यलं ते रजिस्टरात लिहाचं. नजर वर्गावरून हटवाची नाई, असा हुकूम."

"म्हंजे अंगनाकडं पाठ?"

"हो जी. पहिले मी अंगनातच बसो. आता देखरेख वाढली."

"अन् लिहाले किती वेळ लागे?"

देवमननं बोटांवर हिशेब केला. खोटं बोलला असता तर दोन मिनिटं म्हणाला असता. "धा मिनिटं. कधी पंधरा. जोडाक्षर आलं तं वीस. अक्षर चांगलं याले पायजे ना जी. साहेब वाचनार होते. लिहितानी मान खाली. तवा भूकंप झाला तरी मले समजत नाई."

"म्हंजे पहारा करताना तुमी आंधळे."

"पहारा करतानी नाई जी," देवमन म्हणाला. "पहारा केला हे लिहितानी."

रजिस्टर मी आणलं. महादेवरावांनी ते शनिवारीच वाचलं होतं आणि देवमन ड्युटीवर दारू पितो याचा पुरावा म्हणून लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. चंद्रभाननं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

गुरुवार, अकरा: पोरं बसली. मास्तर बसले.

गुरुवार, बारा: पोरं बसली. मास्तरचे डोळे मिटले.

गुरुवार, साडेचार: मागच्या रांगेतली पोरं उंच झाली.

"हे पाहा," मी हळूच म्हणालो, "मालकांनी इथंच खूण केली."

शुक्रवार, तीन: मधली रांगही उंच झाली.

शनिवार, साडेनऊ: सगळे उंच झाले. मास्तरसुद्धा.

"जे दिसलं ते लिहिलं जी," देवमन म्हणाला. "म्या बी इचार केला, का पोरं तीन दिवसात कशी वाढतीन. पन हुकूम पाहाचा अन् लिहाचा होता. इचार कराचा नोता."

चंद्रभान बोटानं ओळी मोजत होता. गुरुवारी दहा. शुक्रवारी दहा. शनिवारची शाळा सकाळी आठ ते दहा, म्हणून चार.

"चोवीस," तो म्हणाला.

मी म्हणालो, "फळ्याही चोवीस."

"अन् बहात्तर चौकटी. एका फळीले तीन." त्यानं रजिस्टर मिटून देवमनच्या हातात दिलं. "सांभाळा. पुऱ्या शाळेत एवढंच एक दफ्तर खरं हाये."

"म्हंजे चोर कोन?" मी विचारलं.

"उद्या बाई येऊ द्या," चंद्रभान म्हणाला. "मले अजून एक गोष्ट पाहाची हाये, अन् ते फक्त बाईच दाखवू शकते. तेही त्यायले माहीत नसताना."

५

सोमवारी सकाळी इंदूबाई आल्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. डॉक्टरनं पळायचं नाही असं बजावलं होतं. देवमनची हकीकत ओसरीतच कळली तशा त्या काठी टाकून सरळ कार्यालयात महादेवरावांपुढं गेल्या.

"देवमनभाऊ फळी चोरनार? भाऊसाहेब, पोरायच्या ताटातला लाडू खाली पडला तर तो पोरालेच परत देते हा मानूस!"

"बाई, तुमी वर्गात जा," महादेवराव हारांची टोपली तपासत म्हणाले. "देखरेखीच्या कामात शिक्षकानं पडू नये."

चंद्रभान तोवर झरोक्यापाशी देवमनच्या स्टुलावर जाऊन बसला होता. त्याची पद्धत अशी, की माल गेला तिथं तो फार वेळ घालवायचा नाही. ज्यानं बघायचं होतं त्याच्या जागेवर बसून बघायचा. मी त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो, आणि देवमन माझ्या खांद्यावरून.

पोरं सतरंजीवर बसून लिहीत होती. सोळा माना खाली. नको तितक्या शहाण्यासारख्या खाली.

बाईंनी चप्पल बाहेर काढली आणि आत पाऊल टाकलं. दुसरं टाकलं आणि थांबल्या. खाली पाहिलं. सतरंजीवर एक पाय थोडा हलवला, गाईनं वासराला ओळखावं तसा. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला लिहिता येत नाही. देवमनला तर वीस मिनिटं लागली असती.

मग बाईंनी टाच आपटली.

सोळा माना एकदम वर.

पुढची पाच मिनिटं त्या वर्गात काही शिकवणं झालं नाही. बाई टाच आपटायच्या, माना वर. दुसरी टाच, माना उजवीकडं. पोरं हसत होती, आवाज न करता काही, काही भसाड्या मोठ्या आवाजात. बाई मध्येच उभ्या, गुडघ्याला पट्टे, डोळे पुसत, आणि तरी टाच आपटायची थांबेनात.

"फरशीवर टाच आपटून फरशीलेही ऐकू जात नाई," चंद्रभान म्हणाला. "सापडला माल. बोलवा मालकाले."

६

महादेवराव आले. सोबत खुशालराव लंगडत, नत्थुजी हातोडी घेऊन. महादेवराव वर्गात शिरले आणि सतरंजीच्या मधोमध उभे राहिले.

"कुठी हायेत फळ्या?"

"कशावर उभे आहात जी?" चंद्रभाननं विचारलं.

"सतरंजीवर!"

"तिच्याखाली?"

महादेवरावांनी एक पाय उचलला. मग तो ठेवून दुसरा उचलला. नत्थुजीनं वाकून सतरंजीचं टोक वर केलं. खाली सागवान. फळीला फळी भिडलेली, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. प्रत्येक फळीखाली टेकू म्हणून पाट्यांच्या लाकडी चौकटी, टोकाला एकेक आणि मधे एक.

"बापा!" नत्थुजी म्हणाला. "लेव्हल तं पाहा. माही अशी येत नाई."

चंद्रभान मधोमध मांडी घालून बसला. "मालक, फळ्या अंगनातून खिडकीतून आत आल्या. खिडकीले गज असते तर आल्या नसत्या. गज तुमी काढले, सुरक्षिततेसाठी. अंगनात देवमन असता तर दिसल्या असत्या. त्याले तुमी दाराशी बसवलं, देखरेखीसाठी. अन् दाराशी बसून तो पाहात राह्यला असता, तरी दिसल्या असत्या. पन त्याले तुमी लिहाले लावलं. तो एक ओळ लिहे, तेवढ्यात एक फळी आत. दोघं बाहेरून द्याचे, दोघं आतून घ्याचे, बाकीचे सतरंजी उचलाचे. आवाज जिनाच्या इंजिनानं खाल्ला, ते इंजीनही तुमचंच. चोवीस ओळी, चोवीस फळ्या. पहिले मागची रांग उंच झाली, मंग मधली, मंग सगळी."

"अन् माही खुर्ची?" खुशालरावांनी विचारलं. "मी तं तिच्यावरच होतो!"

"पालखी, राजेहो," चंद्रभान म्हणाला. "आठ भोई होते."

खुशालरावांनी पोरांकडं पाहिलं. एका पोरानं दंड फुगवून दाखवला.

"म्हंजे या पोट्ट्यायनं चोरी केली!" महादेवराव गरजले. "सोळाच्या सोळा! काहून?"

ओरडण्याचा काही उपयोग नव्हता. इंदूबाईंनी तो प्रश्न पंचफुलाला हातांनी विचारला. पंचफुला उठून उभी राहिली. तिनं बाईंच्या गुडघ्याकडं बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी हवेत एक मोठा नारळ काढला. मग स्वतःच्या खांद्यावर थाप मारली, पुन्हा मारली, पुन्हा मारली, सोळा वेळा, धापा टाकत, तोंड वेडंवाकडं करत. मग मान हलवली: नाही. मग टाच आपटली. मग बाईंकडं पाहून छातीवर हात ठेवला.



"सुधारनेचा खर्च तुमी फरशीत धरला मालक," चंद्रभान म्हणाला. "तो बाईच्या गुडघ्यायनं भरला. पोट्ट्यायनं तेवढा परत केला. अन् चोरी म्हंजे काय, माल हद्दीबाहेर जानं. हा माल हद्दीतच आहे. माह्या वीस वर्षाच्या नोकरीत बरोबर जागी पोचलेला हा पयला माल."

महादेवराव काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात दारात खात्याचे साहेब उभे राहिले. चार वाजता येणार होते, पण संध्याकाळी त्यांना मोझरीच्या आश्रमात पोचायचं होतं म्हणून बारालाच आले. सत्काराचे हार अजून टोपलीत होते आणि स्टेज महादेवरावांच्या पायाखाली.

साहेबांनी परिपत्रकाप्रमाणे सुरक्षितता पाहिली, देखरेख पाहिली, आणि मग बाईंना म्हणाले, "शिकवून दाखवा."

बाईंनी टाच आपटली. साहेब दचकले. सोळा माना वर झालेल्या पाहून त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "पुन्हा!" ते म्हणाले. मग स्वतः बूट काढून एकदा आपटून पाहिलं. माना वर. साहेबांनी आयुष्यात इतक्या झटपट कुणाकडून लक्ष मिळवलं नसावं. ते सलग अकरा वेळा टाच आपटत राहिले.

"अप्रतिम! मी नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत शाळा पाहिल्या. फरशीवरून पुन्हा लाकडावर येण्याचं धाडस कोणी केलं नाही. कोणाची कल्पना ही?"

महादेवरावांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही. "माहीच जी."

इंदूबाई हसल्या. पंचफुलानं काय चाललंय विचारलं, बाईंनी सांगितलं, आणि मग सोळाही पोरं हसली. साहेबांना वाटलं, स्वागत.

"अन् हा पहारेकरी?" साहेब रजिस्टर चाळत म्हणाले. "यानं तर प्रगतीची नोंद दर अर्ध्या तासाला घेतली आहे. 'मागच्या रांगेतली पोरं उंच झाली.' वा! शिक्षणानं मूल उंच होतं, हे एका शिपायाला कळलं. याला कायम करा."

"केलाच जी," महादेवराव म्हणाले. "आज सकाळीच केला."

मी तिथंच, उभ्या उभ्या कायम केल्याचा कागद लिहिला आणि महादेवरावांसमोर धरला. साहेबांदेखत त्यांनी सही केली. मग देवमननं केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. साहेब, अध्यक्ष, बाई, सोळा पोरं, सगळे उभे राहून वाट बघत होते. बाहेर साहेबांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. देवमननं घाई केली नाही. शेवटच्या अक्षराची रेघ ओढली, फुंकर मारली, आणि कागद परत दिला.

नत्थुजी म्हणाला, दाराजवळची फळी जराशी डुगडुगते, काहीतरी जाड पाहिजे. मी खिशातून कबुलीचा कागद काढला आणि चार घड्या घातल्या. बरोबर बसला.

७

झरोका तसाच ठेवला. देवमन पुन्हा अंगणात बसू लागला, आणि झरोक्यातून पोरं ओसरीत काय चाललंय ते बघू लागली. इंदूबाईंचे गुडघे महिन्याभरात नारळावरून संत्र्यावर आले. साहेबांनी जाऊन अहवाल लिहिला, त्यात 'अमरावतीची लाकडी पद्धत' असा शब्द होता, आणि ती महादेवरावांनी शोधली असंही होतं. पोरांना बाईंनी तो वाचून दाखवला. पंचफुलानं महादेवरावांच्या चालण्याची नक्कल केली आणि वर्ग दिवसभर बंद ठेवावा लागला.

अहवाल आल्यावर महादेवरावांना वाटलं, पद्धतीच्या जनकाचं स्वतःचं कार्यालय दगडी असणं शोभत नाही. परतवाड्याहून नवं सागवान आणलं. मंगळवारी त्यांनी आतून दार लोटून घेतलं आणि समोर उभं राहून नत्थुजीकडून जमीन ठोकून घेतली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दोन बोटं उंच, एकही फट न ठेवता.

वर्गाचं दार बाहेर उघडतं, कार्यालयाचं आत. बुधवारी दुपारी सव्वादोनला ते करवतीनं कापून दोघांना बाहेर काढलं.